हिरव्या चिंधीच्या तीन गोण्या

आधीच सांगून ठेवतो, आमच्या धंद्याचं नाव काढलं की लोक नाकाला रुमाल लावतात आणि आमच्याच खतावर पोसलेले टोमॅटो मिटक्या मारत खातात. खाऊ देत. ज्याचं त्याच्यापाशी.

कत्तलखान्याच्या भिंतीला लागून आमचा कारखाना. तिकडून रोज रक्ताची पिंपं येतात, हाडं येतात, जनावरांच्या पोटातला अर्धवट पचलेला चारा येतो. चारा आम्ही कुजवतो, हाडं दळतो आणि रक्त शिजवून, वाळवून त्याची भुकटी करतो. हेच रक्त कच्चं कुणाच्या शेतात टाकलं तर रोगराई, आणि नीट शिजवलं तर सोनं. या दोन्हींच्या मध्ये उभा असतो तो मी.

रक्त शिजवायचा कुकर म्हणजे खोलीएवढी लोखंडी टाकी. आत पातं फिरतं, बाहेरून वाफ मिळते. त्याचा मीटर तीन वर्षांपूर्वी बंद पडला, तेव्हा मालक म्हणाले, "नवा मीटर कशाला? आपल्याकडे नाक आहे." ते नाक माझं. झाकणाच्या भोकाशी उभं राहिलं की आधी ओल्या लोखंडाचा वास येतो, मग करपलेल्या केसांचा आणि सगळ्यात शेवटी भाजलेल्या पिठाचा. पिठाचा वास आला की मी हात वर करायचा आणि बॉयलरवाल्याने वाफ तोडायची. मीटर असो नसो, बावीस वर्षांत माझा एक घाणा चुकला नव्हता. सगळे मला नाकसाहेब म्हणायचे, आणि मीही नाकावर माशी बसू देत नव्हतो.

गेल्या थंडीत ताप आला. आठ दिवसांनी उठून चहा घेतला तर नुसतं गरम पाणी. साबण हुंगला, रॉकेल हुंगलं, कामावर जाऊन कुकरच्या भोकाशी उभा राहिलो. काही म्हणजे काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, पण कधी ते सांगता येत नाही. मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. नाकसाहेबाला नाकच उरलं नाही म्हटल्यावर त्याला झाडू मारायला तरी कोण ठेवणार? घड्याळ लावून, रंग बघून, भुकटी चिमटीत चोळून मी काम रेटत राहिलो. झाकणाशी नाक रोज न्यायचो, नाटक म्हणून. बसमध्ये शेजारचा माणूस उठून पलीकडे जाऊन बसला की कळायचं, आजची आंघोळ पुरी पडलेली नाही.

आता ताईचं सांगतो, कारण गोष्ट तिचीच आहे.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिनेच मला न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, आणि लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितलं, हा माझ्याबरोबर येणार, पटत असेल तर बघा. भावजी देवमाणूस. ते जाऊन सहा वर्षं झाली. पोरबाळ नाही. शहराबाहेर, शेवटच्या बसथांब्यापासून थोडं पुढे तिचं दोन खोल्यांचं घर, मागे गोठा, गोठ्यामागे गवताचा एक पट्टा. तीन म्हशी होत्या. थोरली, मधली आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी. ताई मला धाकटा म्हणते. मी धाकटा आणि म्हैस थोरली, म्हणजे त्या घरात कुणाचा मान किती ते समजून घ्या.

थोरली एकोणीस वर्षं त्या गोठ्यात होती. गेली चार वर्षं भाकड. ताईचे गुडघे गेलेले, तीन जनावरांची वैरण तिच्याच्याने होईना. मीच मागे लागलो, "ताई, भाकड जनावर किती दिवस पोसणार? स्वतःच्या हाडांकडे बघ." पुष्कळ दिवस ती तशीच वैरण टाकत राहिली. मग एकदा म्हणाली, "असं घर बघ, जिथे तिला मरेपर्यंत दावणीला ठेवतील. नाहीतर राहू दे."

मी एका दूधवाल्याला विचारलं. तो पोट धरून हसला, म्हणाला, "भाकड म्हैस मरेपर्यंत? मला ठेव त्या घरी." झालं माझं घर शोधून. एका सोमवारी सकाळी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली, थोरलीचं दावं हातात घेतलं आणि चालत चालत तिला आमच्या शेजारच्या फाटकात नेऊन उभी केली. ताईला सांगितलं, नदीपलीकडे एक माळी आहे, मोठी बाग आहे, मूलबाळ नाही, नवराबायको दोघंही मायाळू. दर रविवारी मी ताईकडे जेवायला जायचो आणि ती विचारायची, "थोरली कशी आहे?" मी सांगायचो. माळ्याची बायको तिला रोज मीठ चाटवते. थंडी आहे म्हणून तिच्या पाठीवर गोणपाट घालतात. आंब्याखाली बांधतात. एकदा सुचायला लागलं की थांबत नाही माणूस. ताई ऐकून हसायची आणि मला आणखी वाढायची. तिच्या त्या हसण्यासाठी मी खोटं बोलत होतो असं स्वतःला सांगायचो, आणि ते बऱ्यापैकी खरंही होतं.

महिनाभराने मी तिला तीन गोण्या खत नेऊन दिलं. आमच्याकडे गुठळ्या राहिलेला माल गिऱ्हाईक उचलत नाही, तो कामगार घरी नेतात. ताईने गोण्या फोडून गवताच्या पट्ट्यावर खत पसरलं, वर पाणी सोडलं.

चौथ्या दिवशी सकाळी कामावर तिचा फोन आला. "धाकट्या, ये. म्हशी रेकतायत. खात नाहीत, धार देत नाहीत."

दुपारी पोचलो. ऊन रखरखीत, चिटपाखरू नाही. मधली आणि चांदी गवताच्या पट्ट्यावर उभ्या होत्या. माना खाली, नाक मातीला टेकलेलं. हुंगायच्या, खुरांनी माती उकरायच्या, पुन्हा हुंगायच्या, आणि मग मान वर करून जो आवाज काढायच्या तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. भुकेचं रेकणं वेगळं, वासराला बोलवायचं वेगळं. हे मोठं होतं आणि संपतच नव्हतं. डोळे तर असे बाहेर आले होते की माझी जवळ जायची छाती झाली नाही.

"गोठ्यात बांधल्या तर दावी तोडतात," ताई म्हणाली. "जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. त्यांना काही सापडलं नाही."

"पाय मुरगळला असेल," मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणालो.

"दोघींचा? एकाच दिवशी? शहाणाच आहेस." मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, "थोरलीला काहीतरी झालंय रे. ती तिकडून यांना हाक मारतेय. मलाही ऐकू येते."

मी म्हटलं, "ताई, उगाच काहीतरी."

"उगाच नाही. तू मला त्या माळ्याकडे घेऊन चल. मरायच्या आधी एकदा हात फिरवते तिच्यावरून."

मी म्हणालो, माळी गावाला गेलाय, रविवारपर्यंत येईल. ती म्हणाली, माळी गेला असेल, म्हैस तर नाही ना गेली. मी म्हणालो, रविवारी नक्की. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं. रविवारी. दोन दिवस अन्न गेलं नाही माझ्या घशाखाली, आणखी चार दिवस नाही गेलं तर काही मरत नाही मी." मग जाता जाता सहज म्हणाली, "खत जरा उग्र आहे रे या वेळी. अजून वास मारतंय."

मी खाली बसलो. मूठभर माती उचलून नाकाशी धरली. मधली फूटभरावर उभी, तिच्या नाकपुड्या थरथरतायत, अंगावर शहारे. ताई पदर तोंडाला लावून उभी. त्या अंगणात सगळ्यांना काहीतरी कळत होतं आणि मी एकटा माती हुंगत बसलो होतो.

उठलो तेव्हा कुंपणावर वाळत घातलेल्या तीन रिकाम्या गोण्या दिसल्या. त्यांच्या तोंडाला सुतळीबरोबर हिरवी चिंधी.

आमच्याकडे गोणी कुठल्या दिवशी भरली ते कळावं म्हणून वाराप्रमाणे रंगीत चिंधी बांधतात. हिरवी म्हणजे मंगळवार. मंगळवारी शिजतं ते सोमवारचं रक्त. आणि त्या महिन्यात गुठळ्यांचा माल एकदाच निघाला होता. बॉयलर नीट तापत नव्हता, मी आपला घड्याळ बघून नेहमीच्या वेळेला हात वर केला होता. आदल्या दिवशी मी अर्धी सुट्टी घेतली होती.

तुम्ही म्हणाल, एवढं लक्षात येऊ नये? नाही आलं. आमच्यात असंच असतं. भिंतीच्या पलीकडे जनावर, अलीकडे माल. पिंप आत आलं की त्याचं वजन बघायचं, ते कुणाचं होतं ते बघायचं नाही. हे बघायला लागलो तर दोन दिवससुद्धा काम होणार नाही. थोरलीला फाटकात सोडून मी दुसऱ्या दिवशी पिंपं ओतली तेव्हा मनात एवढंच होतं की वाफ कमी पडतेय. खरंच सांगतो, एवढंच होतं.

बॉयलरवाला माझा जुना दोस्त. त्याच लॉटची एक फुटकी गोणी शेडमध्ये पडली होती. दुसऱ्या दिवशी त्याला तिच्यापाशी नेलं आणि म्हटलं, "हुंग." त्याने हुंगलं आणि मान मागे घेतली. "अरे, आतून कच्चं आहे हे! नाकसाहेब, झोपला होता काय?" हसत हसत माझ्याकडे बघितलं आणि त्याचं हसू गेलं. "तुला नाही येत वास?"

मी नाही म्हटलं. नाकाचं सांगितलं, थोरलीचं सांगितलं, सगळंच सांगून टाकलं. त्याने कान खाजवला. मग म्हणाला, "माणसाला तो नुसता खताचा वास. गुरांना ते रक्त. आपल्यातलं कोणतरी इथे मेलंय, एवढं त्यांना कळतं. वरची वीतभर माती काढ, चुना टाक, आठवड्यात विसरतील. आणि बहिणीला एक अक्षर बोलू नकोस. म्हैस म्हातारी होती, माळ्याकडे मेली म्हण. तोंड शिवून बस."

सल्ला चांगलाच होता. पण रविवारपर्यंतचे ते तीन दिवस मला खायला उठले. बावीस वर्षं भिंतीपलीकडून रेकणं येतच होतं, मला कधी ऐकू आलं नव्हतं. आता एकेक आवाज वेगळा ऐकू यायला लागला. पिंप ओतताना हात थांबायचा. चाळीस जनावरांचं रक्त एका टाकीत पडतं, त्यात तिचं असून असून किती? असा हिशेब करायचो, आणि कुकरचं पातं फिरताना जो घर्र आवाज येतो त्यात मला चालण्याचा आवाज यायला लागला. कुणीतरी जड जनावर रस्त्याने सावकाश माझ्या मागून येतंय, असा. दोनदा मी वळून पाहिलं. माझी मला लाज वाटली.

रविवारी फावडं आणि चुन्याची पिशवी घेऊन ताईकडे गेलो. ती चांगलं लुगडं नेसून, हातात मिठाची पुडी घेऊन तयार होऊन बसली होती. थोरलीला चाटवायला मीठ.

म्हणालो, "ताई, आधी हे खत काढून टाकतो. जास्त पडलंय. या दोघी शांत झाल्या की मग निघू." ती पायरीवर बसली.

मी वरची माती खरवडून ढकलगाडीत भरली. पहिली गाडी भरून फाटकाबाहेरच्या खड्ड्याकडे निघालो, आणि मागून पावलं वाजली. वळून बघितलं तर मधली आणि चांदी गाडीच्या मागून येत होत्या. रेकणं बंद. माना खाली, एकीमागे एक, घाई नाही. मी थांबलो की थांबायच्या, निघालो की निघायच्या. मी हाड हाड केलं, हात उगारला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या गाडीतल्या मातीकडे बघत होत्या.

"मधली कुणाच्या मागे चालत नाही," ताई पायरीवरून म्हणाली. "थोरलीशिवाय कुणाच्याच नाही."

ती उठली. गुडघे धरत धरत गाडीपाशी आली, मातीत हात घातला आणि एक गुठळी उचलली. अंगठ्याने दाबून फोडली. आतून ती काळपट लाल होती. ताईने ती हुंगली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

"नदीपलीकडे माळी आहे का?"

माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. म्हातारी झाली होती, परवाच गेली, शांतपणे गेली, माळ्याची बायको रडली. नुसतं तोंड उघडायचं होतं. पण तिच्या दुसऱ्या हातात ती मिठाची पुडी होती.

"नाही," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. दूधवाला, फाटक, ताप, नाक, मंगळवार. मला वाटलं होतं, कानाखाली देईल, निदान रडेल तरी. मी बोलायचा थांबलो तेव्हा तिने एकच विचारलं.

"नेताना रेकली का ती?"

इथे खोटं बोलायला हवं होतं, हे मला आता कळतं. हो, रेकली, तुझ्याकडे तोंड करून रेकली, असं म्हणायला हवं होतं.

"नाही गं. दावं ओढावंसुद्धा लागलं नाही. आपली माझ्या मागून आली."

"तुझ्या मागून," ताई म्हणाली. "एकोणीस वर्षं बघत होती ना तुला. तिला वाटलं असणार, घरचं माणूस आहे."

तिने पुडी सोडली आणि मीठ गाडीतल्या मातीवर ओतलं. मग म्हणाली, "माती होती तिथे परत टाक. मरेपर्यंत ठेवीन म्हटलं होतं, ते जमलं नाही. आता आलीच आहे तर राहू दे."

मी माती परत टाकली. हाताने सारखी केली. म्हशी दोन्ही बाजूंनी उभ्या होत्या, त्यांचे श्वास माझ्या मानेवर येत होते. रडू येत होतं, पण त्या अंगणात रडायचा हक्क माझा नव्हता. उठून म्हणालो, "ताई, काहीतरी बोल."

"चालू लाग," ती म्हणाली. "बघू आता तुझ्या मागून कोण येतं."

मी फावडं तिथेच टाकलं आणि निघालो. फाटक ओलांडलं, डांबरी रस्त्याला लागलो. रस्ता रिकामा. वीसेक पावलं गेलो असेन, आणि मागून खुरांचा आवाज आला. सावकाश, जड. मला खात्री होती की वळलो तर थोरली दिसणार, दाव्यासकट. पळावंसं वाटलं. शेवटी वळलो.

मधली आणि चांदी होत्या. नाकं पुढे करून, एकीमागे एक, माझ्या मागून येत होत्या. मधलीने माझ्या शर्टाला नाक लावलं आणि ओढून श्वास घेतला. तेव्हा कळलं. माझ्या शर्टाला, हातांना, बुटांना तीच माती लागलेली. बावीस वर्षांचं आणखी काय काय लागलेलं असेल, देव जाणे. मला त्यातलं काहीच येत नव्हतं. मी आणखी चाललो असतो तर त्या दोघी माझ्या मागून शहरापर्यंत आल्या असत्या. कत्तलखान्याच्या त्या फाटकापर्यंतसुद्धा आल्या असत्या.

मी शर्ट काढला, बूट काढले, कुंपणावरून ताईच्या गवतात भिरकावले. म्हशी त्यांच्या मागे वळल्या. रस्ता तापलेला होता, तळवे भाजत होते, तरी मी भराभर चालत सुटलो.

मागून ताईची हाक आली. "चल, घरी चल. चल बाळा, उन्हात नको."

लहानपणी खेळता खेळता लांब गेलो की ती मला असंच बोलवायची. मी जागच्या जागी थांबलो, वळलो, दोन पावलं मागेही आलो. ताई कुंपणापाशी उभी होती. एक हात मधलीच्या पाठीवर, दुसरा चांदीच्या गळ्यात. दोघींना गोठ्याकडे वळवत होती, आणि माझ्याकडे तिची पाठ होती.